इंजिनाबरोबर बाहेर गेलेल्या दोन गोष्टी : एका स्प्लेंडरच्या घरगुती विद्युतीकरणाचे प्रकरण

माझ्या भाच्याकडे २००८ च्या नोव्हेंबरात नोंदवलेली स्प्लेंडर आहे. ती त्याच्या वडिलांची. ते गेल्यानंतर ती विकण्याचा विषय घरात निघाला की कोणीतरी उठून आत जाते, त्यामुळे गाडी राहिली. २०२२ च्या अखेरीस तिचे इंजिन निळसर धूर सोडू लागले, दर आठवड्याला तेल घालावे लागू लागले आणि गॅरेजवाल्याने हाफ इंजिनचे, म्हणजे पिस्टन-रिंगा बदलण्याचे, काम सांगितले. भाचा यंत्र अभियांत्रिकीचा पदविकाधारक असून कोल्हापुरात कळंब्याला राहतो आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला जातो. जाऊन येऊन २४ किलोमीटर. महिन्यातून दोन-तीनदा पत्नीला मागे बसवून पन्हाळ्याच्या बाजूला असलेल्या शेतावर जाणे हा गाडीचा दुसरा वापर. या दोन फेऱ्यांसाठी इंजिन दुरुस्त करण्याऐवजी ते काढून मोटर आणि बॅटरी बसवावी, असे त्याने ठरवले आणि २०२३ च्या संक्रांतीनंतर काम सुरू केले. मी तंत्रनिकेतनात तीस वर्षे यंत्रांचे विषय शिकवलेला माणूस, म्हणून माझ्याकडे आकडेमोड आणि नोंदवही आली. पुढील मजकूर त्या नोंदवहीवर आधारलेला आहे.

प्रकरण लिहिण्यासारखे वाटते ते यश आले म्हणून नव्हे. घरी दुचाकी विजेवर करू पाहणारा माणूस बॅटरीची चिंता करतो, मोटरची क्षमता विचारतो, किंमत विचारतो. मात्र इंजिन काढताना त्याच्याबरोबर दोन गोष्टी नकळत बाहेर जातात आणि त्यांची किंमत कोणी धरलेली नसते. एक म्हणजे गिअरबॉक्स, दुसरी म्हणजे इंजिन क्रमांक. या कामातील जवळजवळ सगळा वाया गेलेला वेळ या दोहोंपैकी एकीच्या खात्यावर मांडता येतो.

पहिला आराखडा

स्प्लेंडर या कामाला सोयीची आहे. तिची चौकट नळ्यांची, खालून दुहेरी पाळण्यासारखी आहे. इंजिन त्या पाळण्यात बोल्टांनी टांगलेले असते आणि ते निघाले की बॅटरीची पेटी ठेवायला बऱ्यापैकी आयताकृती जागा मिळते. सुरुवातीलाच आम्ही एक नियम केला की चौकटीला कोठेही कापायचे नाही, वेल्डिंग करायचे नाही, भोकही पाडायचे नाही. जे बसवायचे ते इंजिनाच्या मूळ माउंटिंगच्या भोकांतच बसले पाहिजे. तेव्हा हा नियम केवळ चौकटीच्या ताकदीचा विचार करून केला होता. तो पुढे वेगळ्याच कारणाने कामी आला. पेट्रोलच्या टाकीलाही हात लावला नाही. रिकामी दिसणारी टाकी वाफेने भरलेली असते आणि ग्राइंडरची एक ठिणगी तिला पुरते, म्हणून ती काढून ठेवली आणि जुन्या बाजारातून आणलेली, कधीच तळ कापून ठेवलेली दुसरी टाकी केवळ झाकण म्हणून वापरली.

मोटर ३ किलोवॅटची, ७२ व्होल्टची, ब्रशविरहित, मिनिटाला ३००० फेऱ्यांना आपली निर्धारित शक्ती देणारी अशी घेतली. तिचा निर्धारित टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, शक्तीला कोनीय वेगाने भागले की निघतो : साधारण ९.५ न्यूटन-मीटर. येथे भाच्याने जे अनुमान काढले ते मी लगेच खोडले नाही, ही माझी चूक. त्याचे म्हणणे असे की, स्प्लेंडरच्या ९७.२ घनसेंटिमीटरच्या इंजिनाचा कमाल टॉर्क ८ न्यूटन-मीटरच्या आसपास आहे, आपल्या मोटरचा निर्धारित टॉर्कच त्याहून जास्त आहे, शिवाय विजेची मोटर शून्य वेगापासून पूर्ण टॉर्क देते. मग गिअर हवेत कशाला? मोटरच्या शाफ्टवर १४ दात्यांचे चक्र, मागच्या चाकावर ४२ दात्यांचे, मध्ये एक चेन, तिप्पट कपात (फेऱ्या एक-तृतीयांश, टॉर्क तिप्पट), काम संपले. ऐकायला हे बिनतोड वाटते. त्यात राहून गेलेली गोष्ट अशी की, इंजिनाचे ते ८ न्यूटन-मीटर चाकापर्यंत जाताना पहिल्या गिअरमध्ये तीस पटींहून अधिक वाढलेले असतात. क्लचकडची प्राथमिक कपात, गिअरची कपात आणि चेनची कपात यांचा तो गुणाकार आहे. आमच्या मोटरचे साडेनऊ फक्त तिप्पट होणार होते.

बॅटरी

बॅटरीबाबत मात्र आम्ही पहिल्यापासून भित्रेपणाने वागलो आणि त्याचा पश्चात्ताप झाला नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात देशभर ई-स्कूटरना लागलेल्या आगींची दृश्ये ताजी होती. म्हणून वजनाला हलक्या पण तापल्यास लवकर बिथरणाऱ्या रसायनाऐवजी लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल घेतले. ३२७०० मापाचे, ३.२ व्होल्ट आणि ६ अँपिअर-तासांचे असे १२० सेल. पाच-पाच समांतर जोडून त्यांचे २४ गट एकामागे एक. म्हणजे ७६.८ व्होल्ट, ३० अँपिअर-तास, सुमारे २.३ किलोवॅट-तास ऊर्जा. सेलांचे वजन १७ किलो. पेटी, निकेलच्या पट्ट्या आणि तारांसह २४ किलो. गंमत म्हणजे काढलेले इंजिन रद्दीवाल्याच्या काट्यावर २३ किलो भरले होते.

सेल आल्यावर ते सरसकट जोडले नाहीत. प्रत्येकाचा व्होल्टेज आणि अंतर्गत रोध मोजून नोंदला, आठवडाभर तसेच ठेवून पुन्हा मोजला, ज्यांचा व्होल्टेज आपोआप उतरला होता असे चार सेल बाजूला काढले आणि बदलून घेतले. समांतर गटातील एक दुबळा सेल बाकीच्या चौघांना आपल्या पातळीवर ओढतो, आणि मालिकेतील एक दुबळा गट सगळ्या बॅटरीची मर्यादा ठरवतो. या कंटाळवाण्या आठवड्याला पर्याय नाही. मी तर म्हणेन की हे काम करण्याचा धीर ज्याला नाही त्याने तयार बॅटरीच घ्यावी.

पूर्ण भरल्यावर या बॅटरीचा व्होल्टेज ८७.६ पर्यंत जातो. एकदिश प्रवाहात ६० व्होल्टच्या पुढे धक्का धोकादायक मानला जातो, आणि घरातल्या माणसाला बॅटरी म्हटले की बारा व्होल्टची निरुपद्रवी वस्तू आठवते. म्हणून बॅटरीचे ऋण टोक चौकटीला कोठेही जोडले नाही; मोठ्या व्होल्टेजची दोन्ही टोके चौकटीपासून पूर्ण अलग, नारिंगी नळीत घातलेली, आणि दिवे-हॉर्नची बारा व्होल्टची यंत्रणा वेगळ्या परिवर्तकावर. बॅटरीच्या अगदी तोंडाशी एकदिश प्रवाहासाठीच बनवलेला फ्यूज टाकला. घरातील वितरणपेटीत असतो तो प्रत्यावर्ती प्रवाहाचा एमसीबी येथे लावण्याचा मोह अनेकांना होतो. एकदिश प्रवाहाची ठिणगी शून्यातून जात नसल्यामुळे ती आपोआप विझत नाही आणि असा एमसीबी बंद पडूनही आतून जळत राहू शकतो. मोटरला हवी तशी वीज पुरवणाऱ्या कंट्रोलरमधील मोठे धारित्र (कपॅसिटर) एकदम भरू नये म्हणून आधी रोधातून आणि मग थेट असा दुहेरी स्विच केला. तो नसताना पहिल्याच जोडणीला बॅटरीच्या तारा जोडणाऱ्या अँडरसन कनेक्टरचे टोक काळे पडले होते.

खाणीचा रस्ता

एप्रिलमध्ये गाडी उभी राहिली. ती रस्त्यावर काढायची नाही असे मी बजावले होते, म्हणून ओळखीच्या एका बंद दगडखाणीत, खासगी जागेतच चाचण्या केल्या. खाणीत उतरणारा ६०० मीटरचा एक रस्ता पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने मोजला. चढ बऱ्यापैकी एकसारखा, शंभराला आठ निघाला. पन्हाळा कोल्हापूरच्या परिसरातून सुमारे ४०० मीटर उंच उठतो. त्या घाटाची नक्कल म्हणून हाच रस्ता ओळीने पाच वेळा चढायचा, असे ठरले. मागे पत्नीऐवजी वाळू भरलेले सिमेंटचे पोते. गाडी, चालक आणि पोते मिळून २५० किलो.

खाणीच्या तळाच्या सपाटीवर गाडीने मन जिंकले. आवाज नाही, धूर नाही, थ्रॉटल पिळले की सरळ पुढे. ताशी ४५ किलोमीटरला बॅटरीतून १६ ते १७ अँपिअर जात होते, म्हणजे किलोमीटरला २८ वॅट-तास, आमच्या अंदाजाबरहुकूम. मग चढ सुरू झाला. पहिल्या फेरीनंतर मोटरच्या कवचाचे तापमान ५२ अंश, तिसऱ्यानंतर ७९, पाचव्या फेरीच्या मध्यावर आतल्या वेटोळ्यांतील संवेदकाने १३० ओलांडले आणि कंट्रोलरने स्वतःहून शक्ती कमी केली. पोत्यासकट गाडी चालण्याच्या वेगाने वर आली. भाचा उतरला आणि एवढेच म्हणाला, “मामा, तापल्या मोटर.”

आता खरा प्रश्न होता तो कारणाचा. भाच्याचे लक्ष हँडलवर लावलेल्या अँपिअरमापकाकडे होते आणि त्यावर चढाला ४३ अँपिअरच्या वर काही दिसलेच नव्हते. बॅटरीचे संरक्षक मंडळ, म्हणजे जादा प्रवाह तोडणारे सर्किट, ६० अँपिअरचे. ४३ अँपिअर गुणिले ७७ व्होल्ट म्हणजे ३.३ किलोवॅट, तीन किलोवॅटच्या मोटरवर दहा टक्के जादा भार. एवढ्याने मोटर जळायला नको, तेव्हा मोटरच खोटी असली पाहिजे, असा त्याचा निष्कर्ष होता आणि तो विक्रेत्याला पत्र लिहायला बसलाही होता.

चूक मापकात नव्हती, तो कोठे लावला आहे यात होती. कंट्रोलर हा विजेचा नळ नसून एक प्रकारचा बदलता रोहित्र आहे. मोटर सावकाश फिरत असताना तिला व्होल्टेज थोडा लागतो आणि प्रवाह पुष्कळ; कंट्रोलर बॅटरीकडून जास्त व्होल्टेजला कमी प्रवाह घेतो आणि मोटरला कमी व्होल्टेजला जास्त प्रवाह देतो. बॅटरीच्या तारेत ४३ अँपिअर दिसत असताना मोटरच्या तीन तारांत त्याच्या तिप्पट प्रवाह असू शकतो, आणि मोटर तापते ती या दुसऱ्या प्रवाहाने, तेही त्याच्या वर्गाच्या प्रमाणात. चिमट्याचा मापक आणून मोटरकडच्या तारा मोजल्याशिवाय हे डोळ्यांनी दिसणार नव्हते, पण कागदावर ते आधीच दिसायला हवे होते.

कागद असा. २५० किलो वजन शंभराला आठच्या चढावर ओढायला १९६ न्यूटन, टायरच्या घर्षणाला सुमारे ३७, ताशी ३० किलोमीटरला हवेच्या रोधाला २५. एकूण २५८ न्यूटन. पावणेतीन-अठराच्या टायरची त्रिज्या सुमारे ०.३ मीटर. म्हणजे चाकावर हवेत ७७ न्यूटन-मीटर. तिप्पट कपातीने भागले तर मोटरवर २५ पेक्षा अधिक. जी मोटर साडेनऊ न्यूटन-मीटर दिवसभर देऊ शकते तिच्याकडून आपण पावणेतीन पट मागत होतो, आणि उष्णता वर्गाने वाढत असल्यामुळे तांब्यातील उष्णता सातपटीहून अधिक. शिवाय त्या वेगाला मोटर मिनिटाला जेमतेम ८०० फेऱ्या करत होती. तिची खरी ताकद ३००० फेऱ्यांपाशी होती आणि तेथवर जायला, चाकाचा परीघ १.८७ मीटर धरता, गाडीला ताशी ११२ किलोमीटरने पळावे लागले असते. एवढा वेग तीन किलोवॅटमध्ये मिळूच शकत नाही. सपाटीवर ताशी सत्तरच्या आतच हवेचा रोध सगळी शक्ती खाऊन टाकतो. थोडक्यात, जो वेग कधीच येणार नव्हता त्या वेगासाठी आम्ही गाडी जुळवली होती. सपाटीवरच्या फेऱ्यांत हे लपून राहिले, कारण तेथे टॉर्कच लागत नव्हता. “विजेची मोटर शून्यापासून पूर्ण टॉर्क देते” हे वाक्य खरे आहे. ती तो किती वेळ देऊ शकते, हे वाक्याच्या बाहेर राहते.

मधला शाफ्ट

यावर तीन उपाय होते. मोठी मोटर घेणे हा पहिला, आणि बहुतेक लोक तोच करतात. त्याने खर्च, वजन व बॅटरीवरील भार वाढतो आणि चुकीचे गुणोत्तर तसेच राहते. मागचे चक्र ७२-८४ दात्यांचे करणे हा दुसरा. त्याचा व्यास ३० सेंटिमीटरच्या घरात जातो, चेनचे आवरण बसत नाही आणि चिखलात ते चक्र खडे उडवते. आम्ही विचारात पडलो असताना शिवाजी उद्यमनगरातील एका लेथवाल्या मिस्त्रींनी गाडीकडे अर्धा मिनिट पाहिले आणि म्हणाले, “ह्यो एका चेनचा खेळ न्हाई. मधी एक शाफ्ट घाला.” कोल्हापूरच्या ऑइल इंजिनांच्या आणि फाउंड्रीच्या पिढ्यांनी या वसाहतीत जी नजर तयार केली आहे ती माझ्या फळ्यावरच्या गणितापेक्षा नेहमीच दोन पावले पुढे असते, हे मी विद्यार्थ्यांनाही सांगत असे.

मधला शाफ्ट ईएन-८ पोलादाचा, दोन ६२०४ बेअरिंगांवर, किल्लीच्या खाचांसह असा केला. मोटरवरून त्यावर दुप्पट कपात, त्यावरून मागच्या चाकावर पूर्वीचीच तिप्पट, एकूण सहापट. त्याचा आणखी एक लाभ असा की, हा शाफ्ट मागच्या फोर्कच्या सांध्याच्या अगदी जवळ, म्हणजे मूळ इंजिनाचे चक्र जेथे होते जवळपास तेथेच आणता आला. पहिल्या जोडणीत मोटरचे चक्र सांध्यापासून लांब असल्याने मागचे चाक खड्ड्यात वरखाली झाले की चेन कधी ताठ, कधी सैल होत असे; ती तक्रार आपोआप मिटली. किंमतही मोजावी लागली. मोटर ९ सेंटिमीटर पुढे सरकवावी लागली, बॅटरीची पेटी पुन्हा बनवावी लागली, आणि गाडी निःशब्द राहिली नाही. पहिल्या टप्प्याची चेन ताशी ३० च्या पुढे शिवणयंत्रासारखी वाजते. भाच्याला ते खटकते. मला विचाराल तर पादचाऱ्याला गाडी ऐकू आलेली बरी.

मे महिन्यात तोच रस्ता, तेच पोते, त्याच पाच फेऱ्या. बॅटरीकडून ४३ ऐवजी ३५ अँपिअर. म्हणजे चढाचे काम तेवढेच असताना उष्णतेत वाया जाणारी सुमारे सहाशे वॅट शक्ती वाचली. पाचव्या फेरीनंतर कवचाचे तापमान ६३ अंश, आणि कंट्रोलरने एकदाही हात आखडता घेतला नाही. सपाटीवरील कमाल वेग ताशी ५६ किलोमीटरवर अडला, कारण त्या वेगाला मोटर आपल्या ३००० फेऱ्यांना पोचते. गोकुळ शिरगावला जाताना महामार्गाच्या कडेने ताशी ५६ हा वेग पुरेसा आहे की नाही, यावर घरात दोन मते होती. पूर्ण बॅटरीत, वीस टक्के शिल्लक ठेवून, साठ किलोमीटर निघतील असा खाणीतील फेऱ्यांवरून हिशेब आला.

किरकोळ म्हणता येतील अशा दोन अडचणी येथेच नोंदवतो. जुन्या स्प्लेंडरचा पुढचा दिवा बॅटरीवर नव्हे तर इंजिनाच्या मॅग्नेटोतून येणाऱ्या प्रत्यावर्ती प्रवाहावर चालतो; इंजिन गेले की दिव्याचा वीजपुरवठाच जातो आणि वायरिंगचा तेवढा भाग नव्याने करावा लागतो. दुसरी अडचण गंभीर होऊ शकली असती. विजेच्या थ्रॉटलमध्ये चुंबकीय संवेदक असतो आणि त्याची ऋण तार तुटली, किंवा कनेक्टरमध्ये पाणी जाऊन गंजली, तर संवेदक पूर्ण पिळल्यासारखा संकेत देऊ शकतो. आमच्या कंट्रोलरमध्ये मर्यादेबाहेरचा संकेत आल्यास मोटर बंद करण्याची सोय होती, पण ती मुळात चालू केलेली नव्हती. मागचे चाक स्टँडवर उचलून, ती तार मुद्दाम काढून हे तपासले. चाक क्षणात पूर्ण वेगाने फिरू लागले. ती सोय चालू केली, दोन्ही ब्रेकच्या स्विचांना मोटर तोडण्याची तार दिली आणि हँडलवर लाल बटण बसवले. कोल्हापूरच्या पावसाळ्याआधी ही तपासणी झाली, हे आमचे नशीब.

इंजिन क्रमांक

हा भाग खरे तर पहिला यायला हवा होता. प्रत्यक्षात तो शेवटी आला, म्हणून येथेही शेवटी येतो.

नोंदणी पुस्तिकेत गाडीची ओळख चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक या दोन आकड्यांनी होते, आणि इंधनाच्या रकान्यात ‘पेट्रोल’ लिहिलेले असते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. विजेवर रूपांतर करण्याची वाट त्याच कलमात आहे, पण ती मान्यताप्राप्त संचातून जाते. असा संच एआयएस-१२३ या मानकाच्या तिसऱ्या भागाप्रमाणे, पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेकडून, विशिष्ट गाड्यांसाठी मंजूर झालेला असावा लागतो, संच बनवणाऱ्याने अधिकृत केलेल्या केंद्राने तो बसवावा लागतो, आणि मग परिवहन कार्यालय पुस्तिकेत इंधनाचा बदल नोंदवते, हिरवी पाटी मिळते. दुचाकींच्या बॅटरीच्या सुरक्षिततेचे एआयएस-१५६ हे मानक त्या आगींनंतर आणखी कडक झाले. विनापरवाना बदल करणाऱ्या मालकाला २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-अ प्रमाणे प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. वेग ताशी २५ च्या आत आणि शक्ती पाव किलोवॅटच्या आत असलेल्या वाहनांना नोंदणीतून जी सूट आहे, तिचा आमच्या तीन किलोवॅटशी काही संबंध नव्हता.

या सगळ्याचा अर्थ जूनमध्ये आम्हाला उमगला तो असा : सुटे भाग आणून घरी जोडलेली गाडी कितीही चांगली असली तरी तिच्या एका नगासाठी मान्यता मिळवण्याची वाट सामान्य माणसाला परवडणारी नाही. मानक संचाचे आहे, कारागिरीचे नाही. येथे तक्रार करणे सोपे आहे. पण ज्या माणसाने थ्रॉटलची तार काढून चाक पिसाटल्यासारखे फिरताना पाहिले आहे त्याला त्या तपासण्या कशासाठी आहेत हे विचारावे लागत नाही. स्प्लेंडरसाठी मान्यताप्राप्त संच उपलब्ध नव्हता असेही नाही. ठाण्याच्या गोगोए-वन या कंपनीने २०२१ मध्ये मागच्या चाकातच मोटर असलेला असा संच आणला होता; त्याची त्या वेळची जाहीर किंमत ३५ हजारांच्या आसपास, बॅटरी वेगळी. जानेवारीत ही चौकशी केली असती तर हे प्रकरण घडलेच नसते, किंवा अगदी वेगळे घडले असते.

विम्याचा मुद्दा याच्याच पोटात येतो. पेट्रोलची म्हणून विमा उतरवलेली गाडी विजेची निघाली तर अपघातानंतर कंपनी काय म्हणेल, याचा अंदाज करायला वकील लागत नाही. भाच्याने गाडी एकदाही सार्वजनिक रस्त्यावर नेली नाही, याचे श्रेय माझ्या बजावण्यापेक्षा या एका वाक्याला अधिक आहे.

खर्च

मोटर आणि कंट्रोलर ३२ हजार, सेल ३० हजार, बॅटरीचे संरक्षक मंडळ, पेटी, तारा आणि कनेक्टर मिळून ११ हजार, चार्जर ६ हजार, परिवर्तक १२००, आणि लेथ व वेल्डिंगचे, दुसऱ्यांदा केलेल्या कामासह, साडेसात हजार. बेरीज ८७,७००. रोजच्या २४ किलोमीटरला पेट्रोल, लिटरला ५७ किलोमीटर आणि त्या वेळचे १०६ रुपये धरून, साधारण ४५ रुपयांचे. विजेला, चार्जरमधील गळती धरून, ८ रुपये. वर्षाला कामाचे ३०० दिवस धरले तर ११ हजारांची बचत, म्हणजे पैसे वसूल व्हायला आठ वर्षे. पेट्रोल वाचते म्हणून असे रूपांतर करावे हा युक्तिवाद दिवसाला शंभर किलोमीटर फिरणाऱ्याला लागू पडेल. २४ किलोमीटरवाल्याला पडत नाही. हाफ इंजिनचे काम या रकमेच्या दहाव्या हिश्श्यात झाले असते, आणि शेवटी ते झालेच.

नोव्हेंबरात नोंदणीची पंधरा वर्षे पूर्ण होत होती. नूतनीकरणाला गाडी परिवहन कार्यालयात दाखवावी लागते. चौकटीला कोठेही हात न लावण्याचा नियम पाळलेला असल्यामुळे मोटर, मधला शाफ्ट आणि बॅटरी दोन संध्याकाळांत उतरली, पिस्टन-रिंगा बदलून आणलेले मूळ इंजिन त्याच भोकांत त्याच बोल्टांनी बसले, दिव्याचे मूळ वायरिंग परत जोडले गेले. निरीक्षकांनी चासी क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेतला, वाकून इंजिन क्रमांक पाहिला, पर्यावरण कराची पावती पाहिली आणि सही केली. मेहुण्यांची गाडी आणखी पाच वर्षांसाठी कागदावर जिवंत राहिली, पेट्रोलची म्हणून.

विजेचा सगळा सरंजाम सध्या पन्हाळ्याच्या बाजूच्या शेतावर गोठ्याशेजारच्या खोलीत आहे. वैरण आणि खताची पोती बांधावरून घरापर्यंत आणायला तीन चाकांची एक ट्रॉली करायची, ती स्वतःच्या रानाबाहेर न्यायची नाही, असे ठरले आहे. या वेळी भाच्याने लोखंड आणण्याआधी कागद पाठवला. ओझ्यासह ४०० किलो, शंभराला दहाचा चढ, मऊ मातीचा रोध त्याहून वेगळा शंभराला चार, चाकाची त्रिज्या २० सेंटिमीटर. चाकावर ११० न्यूटन-मीटर, मोटरचे साडेनऊ, म्हणून कपात बारापट, आणि कमाल वेग ताशी १९ किलोमीटर. मी फक्त मातीचा रोध पावसाळ्यात किती धरायचा एवढे विचारले आहे. दुसऱ्या मधल्या शाफ्टची बेअरिंगे त्याने आणून ठेवली आहेत.